‘बीआयएफआर’ ते ‘एनसीएलटी’ : अडचणीतल्या कंपन्यांबद्दल कोकणातून आलेले प्रश्न

अडचणीत आलेल्या कंपन्या आणि त्यांच्या कर्जांची फेररचना या विषयावर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत. वाचकांची आणि त्यांच्या कंपन्यांची नावं गाळली आहेत. आकडे तसेच ठेवले आहेत, कारण या विषयात आकड्यांशिवाय दिलेला सल्ला म्हणजे अंधारात मारलेला तीर.

वडील लालबागच्या गिरणीत साच्यावर होते. ‘गिरणी बीआयएफआरमध्ये गेली’ हे वाक्य लहानपणी घरात सारखं ऐकलं. आता भाचा सांगतो, त्याची कंपनी ‘एनसीएलटीत गेली’. पाटी बदलली, की खरंच काही बदललं? — एक वाचक, सावंतवाडी

बरंच बदललं. सगळ्यांत मोठा बदल म्हणजे मालकाची खुर्ची.

वडिलांच्या काळातला कायदा १९८५ चा, आजारी उद्योगांसाठीचा. त्याला ‘सिका’ म्हणत. त्याखाली १९८७ मध्ये बीआयएफआर हे मंडळ सुरू झालं. तिथे जाण्याची अट विचित्र होती. कंपनीचा साचलेला तोटा तिच्या संपूर्ण निव्वळ मूल्याइतका किंवा त्याहून जास्त व्हायला हवा. भांडवल आणि गंगाजळी मिळून १० कोटी असतील, तर १० कोटी बुडाल्यावरच कंपनी कायद्याने ‘आजारी’. त्यातही तिची नोंदणी होऊन आधी ७ आणि १९९३ च्या दुरुस्तीनंतर ५ वर्षं झालेली हवीत. रोग्याचे श्वास मोजायची वेळ आली की मगच डॉक्टरकडे न्यायचं, असा तो नियम.

एकदा प्रकरण मंडळापुढे गेलं की कलम २२ ची छत्री मिळायची. ना वसुलीचा दावा, ना जप्ती. छत्रीखाली कारभार मात्र जुन्याच संचालकांचा. आयडीबीआय किंवा आयसीआयसीआयसारखी एखादी संस्था योजना आखायची. ज्यांनी ज्यांनी सवलत द्यायची, त्यांची संमती लागायची. एक जण अडला की पुन्हा सुनावणी. तोवर साचे गंजायचे आणि पगार थकायचे. काही मालकांना ही छत्री इतकी आवडली की पाऊस थांबला तरी ती मिटायला ते तयार नसत. गिरण्यांच्या बाबतीत पैसा उभा करायचा मार्ग एकच दिसत होता, तो म्हणजे जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियम ५८ ने, म्हाडाला आणि महापालिकेला वाटा देण्याच्या अटीवर, ती विकायची वाट उघडली. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि म्हाडाच्या व महापालिकेच्या वाट्याला फार थोडं आलं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती दुरुस्ती कायम ठेवली.

लघुउद्योग या कायद्याच्या कक्षेतच नव्हते. त्यामुळे मुंबईतली गिरणी बीआयएफआरमध्ये जायची, पण कुडाळच्या किंवा रोह्याच्या लहान कारखान्याला सरळ टाळं लागायचं.

भाच्याची कंपनी आहे ती २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली, एनसीएलटी म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे. इथे निव्वळ मूल्य कुणी विचारत नाही. १ कोटीची एक थकबाकी पुरते. ही मर्यादा आधी १ लाख होती, २४ मार्च २०२० पासून ती वाढवली. न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की संचालक मंडळाचे अधिकार थांबतात आणि कारभार ‘रिझोल्यूशन प्रोफेशनल’ या नेमलेल्या तज्ज्ञाकडे जातो. निर्णय कर्जदात्यांची समिती घेते. तिथे सर्वांची संमती लागत नाही, ६६ टक्के मतं पुरतात. मुदत १८० दिवस, वाढवून २७०, आणि कोर्टकज्जे धरून ३३०. योजना जमली नाही तर अवसायन, म्हणजे कंपनी मोडून विक्री. कागदावर असं आहे. प्रत्यक्षात बरीच प्रकरणं ३३० दिवसांच्या पुढे जातात आणि तेवढ्यात मालमत्तेची किंमत उतरते. हा दोष जुन्यातून नव्यात जसाच्या तसा आला आहे.

भाच्याने करायचं ते असं. त्याचा पगार थकला असेल तर नमुना ‘डी’मध्ये स्वतःचा दावा लावावा. युनियनने किंवा प्रतिनिधीने एकत्र लावायचा असेल तर नमुना ‘ई’. अवसायन झालंच, तर कामगारांचा मागच्या २४ महिन्यांचा पगार तारण असलेल्या बँकेच्या बरोबरीने येतो. ‘कामगार’ नसलेल्या कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा, तोही त्यांच्या मागून. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी फंडातली रक्कम वाटपाच्या ढिगात धरतच नाहीत. म्हणून दाव्यात पगार, पीएफ आणि ग्रॅच्युइटी हे तीन आकडे वेगवेगळे लिहावेत. एकच बेरीज टाकली की पुढे घोळ होतो.

मिरजोळे एमआयडीसीत आमचा मासळी प्रक्रियेचा कारखाना आहे, खासगी मर्यादित कंपनी. उलाढाल २४ कोटी. व्याज, घसारा आणि कराच्या आधीचा नफा १ कोटी ९० लाख. मुदत कर्ज ६ कोटी, अजून ६ वर्षांत फेडायचं. कॅश क्रेडिट ४ कोटी, पूर्ण उचललेलं. व्याज सरासरी साडेदहा टक्के. फेब्रुवारीचा मध्य आहे आणि हप्ता थकून ५२ दिवस झाले. मॅनेजर म्हणतात, ‘मार्च एंड होऊ द्या, मग बघू.’ गावाबाहेर १ कोटीचा मोकळा प्लॉट आहे, तो विकायला वडील तयार नाहीत. — एक वाचक, रत्नागिरी

मार्च एंड होऊ देऊ नका. ५२ दिवसांचं खातं आज ‘एसएमए-१’, म्हणजे बँकेच्या खास देखरेखीच्या यादीत आहे. ६१ व्या दिवशी ते ‘एसएमए-२’ होईल आणि ९० दिवस ओलांडले की एनपीए, म्हणजे अनुत्पादक खातं. तुमचे ९० दिवस मार्चअखेरीलाच भरतात. मॅनेजर ‘मग बघू’ म्हणतात, तोवर बघण्यासारखं फारसं उरलेलं नसेल.

आधी हिशेब करू. व्याज १० कोटींवर १ कोटी ५ लाख. मुद्दल वर्षाला १ कोटी. देणं २ कोटी ५ लाख, हातात येतात १ कोटी ९० लाख. भागाकार ०.९३. बँकेच्या भाषेत हा तुमचा डीएससीआर. तो १ च्या खाली आहे, म्हणजे मालकाने कितीही धावपळ केली तरी दर वर्षी १५ लाखांचं भगदाड राहणार. आजवर ते कॅश क्रेडिटमधून बुजवलं गेलं असणार. सीसी पूर्ण उचललेलं आहे त्याचं कारण बहुधा हेच. मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीचे पैसे रोख मोजावे लागतात आणि खरेदीदार दीड-दोन महिन्यांनी देतो. सीसी त्या मधल्या अंतरासाठी असतं. ते हप्त्यात गेलं की जेटीवर बोली लावायला पैसा राहत नाही, मग माल कमी, मग नफा कमी.

आता फक्त मुदत वाढवून पाहू. मुद्दलाला १ वर्ष सवलत, पुढे ८ वर्षं. मुद्दल ७५ लाख, व्याज १ कोटी ५ लाख, एकूण १ कोटी ८० लाख. डीएससीआर १.०६. बँक यावर सही करणार नाही, साधारण १.२ च्या पुढे आकडा दिसल्याशिवाय फाइल वर सरकत नाही. प्लॉट विकून १ कोटी मुद्दलात भरला तर मुद्दल ५ कोटी उरतं, वर्षाला साडेबासष्ट लाख. व्याज ९ कोटींवर साडेचौऱ्याण्णव लाख. बेरीज १ कोटी ५७ लाख, डीएससीआर १.२१. वडिलांना भाषण देऊ नका, हे तीन भागाकार एका कागदावर काढून द्या. फेररचनेत प्रवर्तकाने स्वतःचा पैसा घालणं ही जुनीच अट आहे. २०१३ च्या नियमांत ती बँकेच्या तोट्याच्या २० टक्के किंवा फेररचित कर्जाच्या २ टक्के, यातली मोठी रक्कम, अशी आकड्यात लिहिलेली होती.

हप्ते समान पाडून घेऊ नका. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या तिमाहीत समान हप्ता लावला तर पहिल्याच पावसाळ्यात खातं पुन्हा थकतं, आणि फेररचनेनंतर थकलेलं खातं बँकेच्या मनातून कायमचं उतरतं. साडेबासष्ट लाख असे पाडता येतील : ऑक्टोबर ते डिसेंबर २२ लाख, जानेवारी ते मार्च २२, एप्रिल ते जून साडेचौदा, जुलै ते सप्टेंबर ४. व्याज मात्र दर महिन्याला लागणारच. तेव्हा मे महिन्यातच दोन महिन्यांचं व्याज बाजूला काढून ठेवण्याची सोय अर्जात लिहा. शाखेला हे आवडतं.

अर्ज कुठे करायचा? केंद्र सरकारची २९ मे २०१५ ची अधिसूचना आणि त्यावर रिझर्व्ह बँकेच्या १७ मार्च २०१६ च्या सूचना, यांत २५ कोटींपर्यंतच्या कर्जाच्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी चौकट दिली आहे. १० लाखांच्या वरचं खातं शाखेने ५ कामाच्या दिवसांत समितीकडे पाठवायचं, समितीने ३० दिवसांत उपाय ठरवायचा. उद्योग स्वतःही अर्ज करू शकतो. तोट्यामुळे निव्वळ मूल्य निम्म्याने घटेल अशी भीती असली तरी चालतं. आधीच्या पत्रातली बीआयएफआरची अट आठवा. तिथे सगळं बुडावं लागत होतं, इथे निम्मं.

१ ऑगस्ट २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. ही चौकट बँकांवर बंधनकारक आहे, पण खातं एनपीए होण्याआधी पुढे येणं ही उद्योजकाचीही जबाबदारी आहे. जुलै २०२५ च्या निकालानुसार, सरफेसीच्या, म्हणजे तारण ताब्यात घेण्याच्या कायद्याच्या, नोटिशीला उत्तर देताना प्रतिज्ञापत्रासह हा दावा मांडला तर बँकेला तो तपासावा लागतो आणि तोवर पुढची कारवाई थांबवावी लागते. पण ती शेवटची गाडी. तुम्ही आजची पकडा. अर्ज लेखी द्या, शाखेची पोच घ्या. सोबत उद्यम प्रमाणपत्र, अडचणीची कारणं सांगणारं प्रतिज्ञापत्र, ३ वर्षांचे ताळेबंद, चालू वर्षाचे कच्चे आकडे, जीएसटी विवरणं, येणी वयानुसार, आणि १३ आठवड्यांचा रोख-प्रवाह. त्यात दर आठवड्याची वसुली, मासळी, बर्फ, डिझेल, वीज, मजुरी, १५ तारखेचा पीएफ, २० तारखेचा जीएसटी आणि महिनाअखेरचं व्याज, इतक्या ओळी पुरतात.

अर्जात आधी ‘दुरुस्ती’ मागा. ती नाही जमली तर ‘फेररचना’. हे दोन वेगळे उपाय आहेत. दुरुस्तीत अटी न बदलता, ठरल्या तारखांना पैसे भरून खातं नियमित करतात, वर्ग उतरत नाही. फेररचनेत मुदत किंवा व्याज बदलतं आणि १ एप्रिल २०१५ पासून असं खातं लगेच खालच्या वर्गात जातं. पुन्हा वर यायला किमान वर्षभराची सुरळीत परतफेड लागते. प्लॉटचा पैसा मार्चआधी आला तर दुरुस्तीचा मार्ग खुला आहे. पण त्याने थकीत हप्ता भागतो, भगदाड बुजत नाही. म्हणून दोन्ही मागायचं.

फाइल सर्वांत जास्त वेळा अडते ती स्टॉक स्टेटमेंटवर. डीपी, म्हणजे साठ्यावर मिळणारी उचल-मर्यादा, वाढवायला फ्रीझरमध्ये नसलेली सुरमई आणि म्हाकूल कागदावर दाखवलेली असतात. स्टॉक ऑडिटर टनेज आणि वीजबिल जुळवतो, आणि तिथेच विश्वास संपतो. तसं काही असेल तर ऑडिटच्या आधी दुरुस्त आकडे द्या, डीपी घटली तरी चालेल. स्टेटमेंट ३ महिन्यांपेक्षा जुनं होऊ देऊ नका, त्यावर काढलेली उचल अनियमित धरतात. सीसीचं नूतनीकरण देय तारखेपासून १८० दिवस राहिलं तर एवढ्या एकाच कारणाने खातं एनपीए होतं. सीसीतली जादा उचल वेगळी काढून तिचं मुदत कर्ज करून घेता येतं. शाखेत त्याला डब्ल्यूसीटीएल म्हणतात. थकलेल्या व्याजाचं केलं तर एफआयटीएल. दोन्हींचे हप्ते वरच्या भागाकारात धरायला विसरू नका.

खेर्डीत एचडीपीई ड्रम बनवतो. लोट्यातल्या एका रसायन कंपनीकडे १८ लाख येणं आहे. ती एनसीएलटीत गेल्याचं गेल्या आठवड्यात पेपरात वाचलं. चेक बाउन्सची केस करू का? त्यांना अजून माल हवा आहे. — एक वाचक, चिपळूण

आधी दावा, मग बाकी सगळं. रिझोल्यूशन प्रोफेशनलची नेमणूक झाल्यावर ३ दिवसांत जाहीर नोटीस येते, एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेच्या वृत्तपत्रात. दाव्याची तारीख त्यातच असते, साधारण १४ दिवसांची. चुकली तर नंतरही काही काळ दावा घेतात, पण ती सोय गृहीत धरू नका. १३ एप्रिल २०२१ च्या निकालाप्रमाणे, मंजूर योजनेत जो दावा नाही तो संपला. नवा मालक जुन्या बिलाला बांधील नाही.

तुमचा नमुना ‘बी’. पोस्टाने, ई-मेलने किंवा हाती देता येतो. सोबत बिलं, सही-शिक्क्याची डिलिव्हरी चलनं, ई-वे बिल, जीएसटी विवरणांचे उतारे, खातेउतारा आणि शिल्लक मान्य केल्याचं पत्र किंवा मेल. बहुतेक दावे चलनावरच अडकतात. ड्रम गेटवर उतरले, सही वॉचमनची, शिक्का नाही. अशा चलनाला त्याच दिवसाचं ई-वे बिल आणि कंपनीने त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट जोडा. व्याज मागायचं तर आधार लिहा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु पुरवठादाराला २००६ च्या कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ.

चेकची केस कंपनीवर आता चालत नाही, मोरॅटोरियम, म्हणजे दाव्यांना आणि वसुलीला स्थगिती आहे. सही करणाऱ्या संचालकांवर चालू शकते, हे १ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. लघुउद्योगांच्या थकबाकीसाठीच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडचा अर्जही कंपनीपुरता थांबतो.

नवा माल द्यायला हरकत नाही, उलट तो जुन्यापेक्षा सुरक्षित आहे. प्रक्रिया सुरू झाल्यानंतरचा पुरवठा हा प्रक्रियेचा खर्च धरतात आणि तो सर्वांआधी फिटतो. अट एकच : खरेदी ऑर्डरवर रिझोल्यूशन प्रोफेशनलची सही हवी, जुन्या परचेस मॅनेजरची नव्हे. खातं नवं उघडा. जुन्या खात्यात नवी बिलं चढवली की आलेला पैसा कशापोटी आला यावर वाद होतो.

१८ लाखांतलं किती मिळेल? तुमच्यासारख्यांना समितीत मत नसतं. कंपनी मोडली असती तर जेवढं हाती आलं असतं तेवढं तरी योजनेत द्यावं लागतं, पण ते पुष्कळदा शून्याच्या जवळ असतं. ताळेबंदात तशी तयारी ठेवा.

देवगडला आमरस कॅनिंगचा व्यवसाय आहे, प्रोप्रायटरी. शेड आणि लगतची कलमांची बाग दोन्ही तारण आहेत. बँकेची ६० दिवसांची नोटीस आली. मीही एनसीएलटीत जाऊ का? — एक वाचक, देवगड

नाही जाता येणार. एनसीएलटी कंपन्या आणि एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदाऱ्या, यांच्यासाठी आहे. लहान उद्योगांसाठी २०२१ मध्ये आलेली प्री-पॅक पद्धत, जिच्यात मालक खुर्चीत राहतो, १० लाखांच्या थकबाकीवर चालते आणि १२० दिवसांत संपायची असते, तीही त्यांच्यासाठीच. प्रोप्रायटर आणि भागीदारी यांच्यासाठीचा संहितेतला भाग कंपन्यांच्या जामीनदारांपुरता लागू झाला आहे, बाकीच्यांना नाही. तुम्हाला आजही १९२० चा प्रांतिक दिवाळखोरी कायदा लागतो. त्यातली थकबाकीची मर्यादा अजून ५०० रुपये आहे. कोकणातले बहुसंख्य धंदे प्रोप्रायटरी किंवा भागीदारीतले. म्हणजे ‘नवी पिढी’ म्हणून जिचा गाजावाजा होतो ती इथल्या बहुतेकांच्या दारात आलेलीच नाही.

तुमची नोटीस सरफेसीची, २००२ च्या कायद्याची. ६० दिवसांच्या आत लेखी हरकत द्या. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ताबा घेतला तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जायचं. आधीच्या उत्तरातली २५ कोटींची चौकट तुमच्यासाठीही आहे. ती प्रोप्रायटरला नाकारलेली नाही. हरकतीत ती मागा.

बागेचं वेगळं. शेतजमिनीवरच्या तारणाला सरफेसी लागत नाही. पण नुसत्या सातबाऱ्यावर विसंबू नका. गोव्यातल्या एका हॉटेलच्या जमिनीच्या प्रकरणात मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की जमीन प्रत्यक्षात शेतीसाठी वापरात आहे का ते पाहायचं. तुमच्याकडे कलमं उभी आहेत, तर पीकपाहणीची नोंद, मोहोराच्या फवारणीची आणि खताची बिलं, आंबा विक्रीच्या पट्ट्या हाच पुरावा. शेडखालचा बिनशेती तुकडा आणि बाग यांचे सर्व्हे-हिस्सा नंबर वेगळे मांडून नकाशा जोडा. शेडला सरफेसी लागू होईलच.

सातबाऱ्यावर नावं किती आहेत तेही बघा. कोकणात एकेका हिश्श्यावर वीस-पंचवीस नावं आणि आणेवारी सर्रास असते. एका सहहिस्सेदाराने लिहून दिलेलं गहाण त्याच्या हिश्श्यापुरतं. बँकेच्या वकिलाने हे तेव्हा पाहिलं नसेल तर तडजोडीच्या टेबलावर हा मुद्दा वजनदार आहे. त्याचा वापर तडजोडीसाठीच करा. त्याच्या जोरावर हप्ते थांबवले तर व्याज बाग गिळेल. कर्ज पतसंस्थेचं असतं तर सरफेसी नसती. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आला असता, आणि तो बागेलाही लागतो.

दाभोळचा वीज प्रकल्प, डोलवीचा पोलाद कारखाना, भारती शिपयार्ड. तिघांचीही ‘रिस्ट्रक्चरिंग’ झाली म्हणतात. एकच शब्द तिघांना कसा? — एक विद्यार्थी, गुहागर

शब्द एक, औषधं तीन. दाभोळ पॉवर २००१ मध्ये बंद पडली. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. कर्ज देणाऱ्यांत मोठ्या भारतीय संस्था होत्या, म्हणून सरकारला हात घालावा लागला. जुलै २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी निघाली. एनटीपीसी, गेल, राज्याचं वीज मंडळ आणि कर्जदात्या संस्था भागीदार. पुढे २०१८ मध्ये एलएनजी टर्मिनल वेगळं काढून कोकण एलएनजी झाली. कागद सुधारले, पण गॅस महाग राहिला आणि ब्रेकवॉटर अपुरा असल्याने पुढची अनेक वर्षं पावसाळ्यात जेटीला जहाज लागत नव्हतं. भागभांडवल कितीही फिरवलं तरी समुद्रात दगड टाकल्याशिवाय बंधारा होत नाही. फेररचना कुठे थांबते, याचं इतकं ठळक उदाहरण दुसरं नाही.

डोलवी ही विक्री. तिथली इस्पात कंपनी कर्जाखाली वाकलेली होती. डिसेंबर २०१० मध्ये जेएसडब्ल्यूने तिच्यात मोठा हिस्सा घ्यायचं ठरवलं. मालक बदलला, भांडवल आलं, कारखाना वाढला.

भारती शिपयार्ड मधल्या पिढीची. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सीडीआर ही बँकांनी आपसात कर्जाची फेररचना करायची पद्धत आणली. मूल्याने ७५ आणि संख्येने ६० टक्के बँका तयार असतील तर बाकीच्यांनी मानायचं. न्यायालय नाही, झटपट. पण फेररचित खातं चांगल्या वर्गात ठेवायची मुभा असल्याने बँकांना ते एनपीए दाखवण्यापेक्षा मुदत वाढवणं सोयीचं झालं. ही मुभा २०१५ मध्ये गेली आणि सीडीआरची रया गेली. फेब्रुवारी २०१८ च्या परिपत्रकाने ती पद्धतच बंद झाली. भारतीचं कर्ज सीडीआरमधून मालमत्ता पुनर्रचना कंपनीकडे, तिथून २०१७ मध्ये एनसीएलटीत आणि २०१९ मध्ये अवसायनात गेलं. योगायोग असा, की १९८५ च्या कायद्यातून जहाजबांधणी उद्योग सुरुवातीला वगळलेलाच होता.

सीए आहे, रत्नागिरीत ८ वर्षं प्रॅक्टिस. या क्षेत्रात यायचं तर मुंबईलाच जावं लागेल का? — एक वाचक, रत्नागिरी

रिझोल्यूशन प्रोफेशनल व्हायला सीएला १० वर्षांचा अनुभव लागतो. तुम्हाला २ वर्षं थांबायचं आहे. मग मर्यादित दिवाळखोरी परीक्षा, तीन एजन्सींपैकी एकीचं सदस्यत्व, नोंदणीपूर्व अभ्यासक्रम, आयबीबीआय या दिवाळखोरी मंडळाची नोंदणी, आणि प्रत्येक काम घेण्याआधी चालू असलेला एएफए परवाना. सुनावण्या मुंबई पीठापुढे असल्या तरी कारखान्याचा ताबा, साठ्याची मोजदाद आणि कामगारांशी बोलणी लोटे-महाडलाच होतात.

तोवर कामाची वानवा नाही. बँकेच्या कर्ज-अर्जासोबतचा सीएमए तक्ता भरून देणारे ढीगभर आहेत. पूर्वी तो तक्ता आणि निवृत्त मॅनेजरची ओळख एवढ्यावर फाइल निघायची. आज १०० कोटींवरच्या खात्यात रेटिंग संस्थेचं स्वतंत्र मत लागतं आणि लहान खात्यातही आकडे जीएसटीशी जुळवून पाहतात. आंबा, मासळी, काजू यांचा हंगाम धरून १३ आठवड्यांचा रोख-प्रवाह मांडणारा आणि पुरवठादारांचे ‘बी’ नमुने नीट लावून देणारा माणूस जिल्ह्यात क्वचित सापडतो. मूल्यांककाची नोंदणी ३ वर्षांच्या अनुभवावर मिळते, पण सीएला ती रोखे व वित्तीय मालमत्ता या वर्गात. जमीन आणि यंत्रांसाठी अभियंत्याशी जोडी जमवा.

काकांनी कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन दिला होता. कंपनी एनसीएलटीतून दुसऱ्याने घेतली. काका सुटले ना? ते २०१७ मध्येच संचालकपद सोडून घरी बसले आहेत. — एक वाचक, अलिबाग

सुटले नाहीत. योजना मंजूर झाल्याने जामीनदाराची जबाबदारी आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ ला ठरवलं. १ डिसेंबर २०१९ पासून बँक जामीनदारावर वेगळा अर्ज करू शकते. संचालकपद सोडणं आणि जामीन सुटणं यांचा संबंध नाही. बँकेचं लेखी मुक्तिपत्र हवं. चालू जामीन नोटीस देऊन थांबवता येतो, पण फक्त नोटिशीनंतरच्या व्यवहारांपुरता.

आधी योजनेची प्रत मिळवा आणि बँकेने जामीनदारांविरुद्धचे हक्क राखले आहेत की सोडले, ते पाहा. काही योजनांत ते सोडलेले असतात. राखले असतील तर बाकी रक्कम काढा. योजनेतून बँकेला मिळालेला पैसा वजा व्हायलाच हवा. अर्ज दाखल होताच अंतरिम मोरॅटोरियम लागतो. मग रिझोल्यूशन प्रोफेशनल १० दिवसांत अहवाल देतो. अर्ज मान्य झाला तर परतफेडीची योजना मांडता येते, तिला मूल्याने तीन-चतुर्थांश मतं लागतात. काकांचं पेन्शन आणि राहतं घर धरून झेपेल तेवढाच आकडा त्यात घाला.

घरातल्या दुसऱ्या कुणाचा जामीन चालू असेल तर एक लक्षात ठेवा. फेररचनेच्या वेळी बँक जामीनदारांच्या ताज्या सह्या घेते, कारण संमतीशिवाय अटी बदलल्या तर जामीनदार सुटू शकतो. बँकेला सही हवी असते असा तो एकच दिवस. जामिनाची कमाल रक्कम अंकात आणि अक्षरात, आणि संपण्याची तारीख, या दोन ओळी त्या दिवशी छापील मसुद्यात घालून घ्यायच्या, आणि मग सही करायची.